परदेशातल्या ख्रिस्ती मुलांच्या कॅम्पला सेवेसाठी जायचंय? आधी त्या कॅम्पची चौकशी कर

जय ख्रिस्त. तुझा प्रश्न लांब आहे, म्हणून बाकीच्यांसाठी आधी त्याचं सार सांगते. तू २२ वर्षांची, राहायला कुर्ल्याला. एका खाजगी शाळेत बालवर्गाला शिकवतेस आणि मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, संडे स्कूल घेतेस. डिसेंबरात चर्चला आलेल्या अमेरिकन पाहुण्यांनी त्यांच्याकडच्या मुलांच्या समर कॅम्पला सेवेसाठी बोलावलं. "टुरिस्ट व्हिसा काढ, तिकीट तुझं, राहणं-जेवण आमचं," असा निरोप. पाळकसाहेब खूश आहेत, आई नाराज आहे. जावं का, कसं जावं, आणि तिथे नेमकं काय करावं लागतं, हे तू विचारलंस.

जा. पण या निरोपावर नको.

पाहुण्यांच्या मनात काही काळंबेरं असेल असं मी म्हणत नाही. अशी माणसं बहुधा भाबडी असतात. मुंबईत हातवारे करून मुलांना गाणं शिकवणारी मुलगी पाहिली, आवडली, बोलावून मोकळे झाले. व्हिसाचे नियम त्यांना स्वतःच्या देशात कधी आडवे आलेले नसतात, त्यामुळे ते त्यांना ठाऊकही नसतात. आडवे येतात ते तुला. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने "इथे तीन महिने काय करणार?" असं विचारलं, की टुरिस्ट व्हिसावाल्या काउन्सेलरपुढे, म्हणजे कॅम्पमध्ये मुलं सांभाळायला आलेल्या ताई-दादापुढे, दोनच वाटा उरतात, खोटं बोलणं किंवा परतीचं विमान.

सरळ रस्ता असा. अमेरिकेत जे-वन नावाचा एक्सचेंज व्हिसा असतो, त्यात 'कॅम्प काउन्सेलर' हा वेगळा प्रकार आहे. वय किमान १८ हवं आणि मुदत जास्तीत जास्त चार महिने. कॅम्पने बोलावलं म्हणून तो मिळत नाही. तिथल्या परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेली स्पॉन्सर संस्था मध्ये लागते. ती तुझी समक्ष मुलाखत घेते, तुझ्या शिक्षकांकडून किंवा शाळेच्या मुख्याध्यापिकेकडून शिफारस मागवते आणि मग डीएस-२०१९ हा फॉर्म काढते, ज्याच्याशिवाय जे-वनचा अर्ज करता येत नाही. त्यानंतर सेव्हिस फी, म्हणजे तिथल्या सरकारी नोंदणीची फी, जी या प्रकाराला ३५ डॉलर आहे, मग डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज आणि १८५ डॉलर व्हिसा फी, आणि शेवटी बीकेसीतल्या कॉन्सुलेटमध्ये मुलाखत. मान्य स्पॉन्सरांची यादी परराष्ट्र खात्याच्या वेबसाइटवर सगळ्यांना बघता येते. त्या यादीत नसलेला कुणी "आम्ही जे-वन करून देतो, आधी पन्नास हजार भरा" म्हणाला, तर चहा पाजून त्याला वाटेला लाव.

यात एक गोष्ट आपल्या लोकांना उलटी वाटते. जे-वनवरच्या काउन्सेलरला अमेरिकन काउन्सेलरइतकंच मानधन आणि सवलती द्यायच्या, असा तिथला नियम आहे. "सेवा आहे, पैसे कसले?" असं आपण म्हणतो. पण नियम झाला आहे तो फुकटात परदेशी पोरं राबवून घेऊ नयेत म्हणून. त्याच नियमात हेही आहे की काउन्सेलर म्हणून नेलेल्या माणसाला आचारी, भांडी घासणारा किंवा झाडूवाला म्हणून जुंपायचं नाही. पाळीपाळीने सगळेच ताटं उचलतात, तेवढं चालतं. तुला पैसे नकोच असतील तर घे आणि परत आल्यावर संडे स्कूलच्या पेटीत टाक.

पूर्णपणे बिनपगारी जायचं तर बी-वन व्हिसातही जागा आहे. मान्यताप्राप्त धार्मिक किंवा धर्मादाय संस्थेच्या स्वयंसेवा कार्यक्रमासाठी तो मिळू शकतो. त्यात पगार घ्यायचा नाही, फक्त राहण्या-खाण्याचा खर्च किंवा त्यापोटी भत्ता चालतो. संस्थेचं पत्र लागतं आणि त्यात तुझं नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, इथला कायमचा पत्ता, तिथे पहिल्यांदा कुठे उतरणार आणि किती दिवस राहणार हे सगळं हवं. तरी माझं मत विचारशील तर सबंध सीझन कॅबिनमध्ये, म्हणजे कॅम्पमधल्या मुलांच्या झोपायच्या खोलीत, मुलांसोबत झोपायचं असेल, तेव्हा जे-वनच बरा. अधिकाऱ्याला समजावत बसावं लागत नाही.

ब्रिटनचं बोलावणं कधी आलं तर तिथला हिशोब वेगळा. नोंदणीकृत चॅरिटीसाठी एकूण ३० दिवसांपर्यंतची स्वयंसेवा व्हिजिटर व्हिसावर चालते आणि तिथले ख्रिस्ती कॅम्प बहुतेक एक-दोन आठवड्यांचेच असतात. त्याहून जास्त राहायचं तर चॅरिटी वर्कर व्हिसा, स्पॉन्सरचं सर्टिफिकेट, आणि साधारणपणे खात्यात १,२७० पौंड सलग २८ दिवस दाखवायचे. सरकारी नोकरीतल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: तिकीट किंवा राहण्याचा खर्च परदेशी संस्था देणार असेल तर तो परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या २०१०च्या एफसीआरए कायद्यात 'परकीय पाहुणचार' धरला जातो आणि त्याला केंद्राची आगाऊ परवानगी लागते. तुला ती अडचण नाही.

आता मुद्द्याचं. तू सगळा वेळ "ते मला घेतील का?" हा विचार करते आहेस. मी म्हणते, त्यांनी तुला काय काय विचारलं ते बघ. पाहुण्यांनी तुझं रविवारचं एक गाणं पाहिलं आणि आठ-दहा परक्या मुलांच्या खोलीत रात्री झोपायला बोलावलं. पोलीस दाखला मागितला नाही, शिफारसपत्र मागितलं नाही, मुलाखत नाही. तुझ्याबद्दल ज्याने काहीच विचारलं नाही, त्याने शेजारच्या कॅबिनमधल्या काउन्सेलरबद्दल तरी काय विचारलं असेल? मुलांच्या कॅम्पमध्ये हा एकच प्रश्न मी सगळ्यात वर ठेवते, प्रार्थनेच्याही वर. चर्चची माणसं म्हणून आपण एकमेकांवर पटकन विश्वास टाकतो, आणि मुलांना त्रास देणारा माणूस नेमका तो विश्वास शोधत असतो.

चांगला कॅम्प तुला छळतो. तीन-चार पानी अर्ज, व्हिडिओ मुलाखत, "मूल रडत असेल तर काय कराल, मूल मारामारी करत असेल तर काय कराल" असे प्रश्न, आधी कुणा मुलांसोबत काम केलंय त्यांचे फोन नंबर, आणि पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट. याचा राग मानू नकोस, उलट हायसं वाटू दे. पीसीसी पासपोर्ट सेवेच्या वेबसाइटवरून मिळतं, फी ५०० रुपये. अपॉइंटमेंट घेऊन लोअर परळ, अंधेरी, मालाड किंवा ठाण्याच्या केंद्रात जायचं. अडकतं ते पत्त्यावर. आपल्याकडे निम्म्या पोरांच्या पासपोर्टवर जुन्या चाळीचा पत्ता असतो, चाळ रिडेव्हलपमेंटला गेलेली असते आणि कुटुंब भाड्याच्या खोलीत. पोलीस ठाण्याचा माणूस चौकशीला येतो कुठे आणि माणसं राहतात कुठे. तुझं घर बदललं असेल तर आधी पासपोर्टचा पत्ता नीट कर.

मग तू उलट प्रश्न विचार. रात्री कॅबिनमध्ये मोठी माणसं किती असतात? अमेरिकन कॅम्प असोसिएशनचं प्रमाण निवासी कॅम्पसाठी असं आहे: सहा ते आठ वर्षांच्या सहा मुलांमागे एक, नऊ ते चौदाच्या आठ मुलांमागे एक. एकट्या मोठ्या माणसाने एकट्या मुलासोबत बंद जागेत राहायचं नाही, हा नियम लिहून ठेवलाय का? तक्रार आली तर ती कुणाकडे जाते? मुलं येण्याआधी काउन्सेलरांचं ट्रेनिंग किती दिवसांचं? तळ्यावर लाइफगार्ड कोण, त्याचं सर्टिफिकेट कुठलं? हे विचारलं म्हणून डायरेक्टर चिडला, तर तुझं तिकिटाचं भाडं वाचलं.

तू लिहिलंस, "मुलांवर माझं खूप प्रेम आहे, हे काम मला जमेल." प्रेम आहेच, पण आपली प्रेम दाखवायची रीत तिथे चालत नाही आणि याची तयारी मुंबईतच करायला हवी. आपण गालगुच्चा घेतो, मांडीवर बसवतो, आपल्या ताटातला घास भरवतो, छान दिसलं मूल की मोबाइल काढून फोटो घेतो आणि रात्री व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला टाकतो. यातलं एकही करायचं नाही. मिठी मुलाने मागितली तर बाजूने, खांद्याला खांदा लावून, चार लोकांसमोर. कपडे बदलायला, आंघोळीला मदत फक्त लिहून दिलेल्या नियमाप्रमाणे. फोटो कॅम्पचा नेमलेला माणूसच काढतो. इथून नेलेली शेंगदाण्याची चिक्की कुणाला वाटायची नाही. तिथे शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेली मुलं असतात आणि अशा मुलाचा श्वास काही मिनिटांत कोंडू शकतो. म्हणून ट्रेनिंगमध्ये एपिनेफ्रिनचं इंजेक्शन मांडीत कसं टोचायचं ते शिकवतात. ते शिकताना हसू नकोस, दोनदा करून बघ.

चापट तर विसरच. आपल्या शाळांतही २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेवर बंदी आणली आहे, तरी हात उगारायची सवय आपल्या अंगात किती मुरली आहे ते मी तुला सांगायला नको. आणखी एक. मूल कधी रात्री कुजबुजत सांगतं, "तुला एक सांगते, पण कुणाला सांगू नकोस." तेव्हा कुणाला न सांगण्याचं वचन कधीच द्यायचं नाही. "तुझ्या भल्यासाठी ज्याला सांगावं लागेल त्याला मी सांगेन," हे शांतपणे म्हणायचं, ऐकून घ्यायचं, उलटतपासणी करायची नाही आणि त्याच दिवशी कॅम्पच्या नेमलेल्या माणसाला कळवायचं. आपल्याकडे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळल्यावर पोलिसांना कळवणं पॉक्सो कायद्यात बंधनकारक आहे. तिथेही राज्याराज्याचे कायदे आहेत आणि ट्रेनिंगमध्ये ते सांगतात. प्रार्थना करून प्रकरण मिटवणं हा मंडळींमधला जुना रोग आहे. तो सोबत नेऊ नकोस.

दिवस कसा जातो? घंटेने उठायचं, कॅबिन झाडायची, नाश्ता, मग बायबलचा तास, खेळ, तळं, जेवण, दुपारची विश्रांती, पुन्हा खेळ, संध्याकाळी चॅपल किंवा शेकोटी, रात्री बंक बेडवर टॉर्चच्या उजेडात दहा मिनिटं छोटी प्रार्थना. ऐकायला गोड आहे. प्रत्यक्षात संडे स्कूलचा दीड तास आणि हे यांचा काही संबंध नाही. आठ-नऊ वर्षांचं मूल तिसऱ्या रात्री घरच्या आठवणीने ओक्साबोक्शी रडतं. कुणीतरी गादी ओली करतं आणि बाकीच्यांना कळू न देता ती चादर तुला पहाटे बदलायची असते. दोन मुली एकमेकींशी बोलत नाहीत. तुला स्वतःला दिवसातून तासभर मोकळा मिळतो आणि आठवड्यातून एक सुट्टी. त्या तासात झोप. फोनवर आईशी भांडण्यात घालवू नकोस.

तळ्यावरची शिस्त मला खास आवडते. प्रत्येक मुलाला जोडीदार असतो, शिटी वाजली की जोडीने हात वर करायचे आणि मोजणी होते. दादर चौपाटीवर सहल नेणाऱ्या प्रत्येक मंडळीने हे उचलावं. तुला पोहता येत नसेल तर अर्जात तसंच लिही आणि आत्तापासून महापालिकेच्या तलावावर क्लास लाव.

खेळ म्हणून काय शिकवायचं, असंही तू विचारलंस. लंगडी उत्तम, काहीच सामान लागत नाही. लगोरी मऊ चेंडूने. विटीदांडू कुठलाही शहाणा कॅम्प खेळू देणार नाही, विटी डोळ्यात जाते. कबड्डी आधी डायरेक्टरला दाखवून. आणि गाणं म्हणशील तर तिकडचीच इंग्रजी कोरस तिकडे परत नेऊ नकोस. 'उपासना संगीत' या आपल्या मराठी गीतपुस्तकातलं एखादं भजन घे, छोटी झांज बॅगेत टाक. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी अभंगाच्या चालीत प्रभूला हाक मारली, ते ऐकून परदेशी मुलं टाळ धरतात की नाही बघ.

भारतात ख्रिस्ती असतात का, हा प्रश्न तुला पहिल्याच जेवणाला विचारतील. उत्तर तयार ठेव. केरळात परंपरेने संत थॉमस इ.स. ५२मध्ये आले असं मानतात, वसईत पोर्तुगीज काळापासून गावंच्या गावं ख्रिस्ती आहेत, आणि तुझी मराठी मंडळी ज्या अमेरिकन मराठी मिशनशी नातं सांगते त्याचे पहिले मिशनरी १८१३मध्ये मुंबई बंदरात उतरले. त्यांना इथे राहू द्यायला तेव्हाचं कंपनी सरकार राजी नव्हतं. थोडक्यात, व्हिसाची कटकट दोनशे वर्षं जुनी आहे. हे सांगितलंस की अमेरिकन पोरं हसतात आणि पुढचे प्रश्न हत्तींवरून जरा पुढे सरकतात.

श्रद्धेच्या बाबतीत कॅम्पचं विश्वासाचं निवेदन, म्हणजे ते काय मानतात त्याचा कागद, सही करण्याआधी वाच. बॅप्टिस्ट, प्रेस्बिटेरियन, पेंटेकॉस्टल, कॅथलिक, सगळ्यांचे कॅम्प असतात आणि सगळे 'ख्रिस्ती' एवढंच लिहितात. बाप्तिस्मा, प्रार्थनेत आत्म्याने 'अन्य भाषा' बोलणं, स्त्रियांनी वचन सांगावं की नाही, यात तुझं आणि त्यांचं जमत नसेल तर ते जानेवारीत कळलेलं बरं, जुलैत नको. मला वैयक्तिक एक गोष्ट खटकते, ती सांगते. शेवटच्या रात्री शेकोटीभोवती दमलेल्या, घराची आठवण येणाऱ्या आठ वर्षांच्या मुलांना रडवून "आज येशूला स्वीकारा" म्हणत पुढे बोलावणं. काही कॅम्प हे करतात आणि किती मुलं पुढे आली त्याचे आकडे देणगीदारांना कळवतात. दुसरे कॅम्प मुलाला प्रश्न विचारू देतात आणि घरी आई-बापाशी बोलायला सांगतात. तुझा कॅम्प यातल्या कुठल्या प्रकारचा ते विचारून घे. या बाबतीत तुझं मन काय म्हणतं ते तूच ठरव, माझं मी सांगितलं.

आईचं. तिचा राग मला पटतो. वयात आलेली मुलगी, तिकीट स्वतःचं, बोलावणारे लोक एकदाच भेटलेले. तिला समजवायला पाळकसाहेबांना पाठवू नकोस, ती त्यांच्यापुढे मान डोलावेल आणि मनात तसंच ठेवेल. डायरेक्टरशी व्हिडिओ कॉल होईल तेव्हा तिला शेजारी बसव, तिचे प्रश्न मराठीत विचारू दे, तू भाषांतर कर. विम्याचे कागद तिला दाखव. जे-वनवर दर आजारामागे किंवा अपघातामागे किमान १ लाख डॉलरचा आरोग्य विमा सक्तीचा आहे. कॅम्पमध्ये फोन बहुधा सुट्टीच्या दिवशीच मिळतो, हे तिला आधीच सांग, नाहीतर चौथ्या दिवशी ती अख्खी मंडळी गोळा करील. न्यूयॉर्ककडच्या वेळेत आणि आपल्या वेळेत उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक असतो. तिकडे रात्री साडेदहाला दिवे मालवले की इकडे सकाळचे आठ वाजलेले असतात. ती नळाचं पाणी भरून मोकळी झालेली असेल, तेव्हाचा वार ठरवून टाक.

कॉन्सुलेटच्या मुलाखतीसाठी घोकंपट्टी नको. काय करणार, कुठे, कोण स्पॉन्सर आणि परत कशाला येणार, एवढं साध्या इंग्रजीत. शाळेचं रजेचं पत्र जवळ ठेव. चर्च लपवू नकोस आणि "मिशनला चाललेय" असं फुगवूनही सांगू नकोस, मुलं सांभाळायला चालली आहेस. जून २०२५पासून जे प्रकारच्या अर्जदारांना सोशल मीडियाची खाती सार्वजनिक ठेवायला सांगतात, तेव्हा आजवर काय टाकलंस ते एकदा बघ. मोबाइल आणि मोठी बॅग आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे भावाला सोबत घेऊन जा.

वेळेचं गणित मात्र तुझ्या बाजूने नाही. तिकडचे कॅम्प जून ते ऑगस्ट चालतात आणि स्पॉन्सर संस्था आदल्या सप्टेंबरपासून माणसं घेऊ लागतात. तुझी शाळा जूनच्या मध्यावर उघडते, म्हणजे रजेचाही प्रश्न आहे. यंदाचा नाद सोड, पुढचा उन्हाळा धर. या मे महिन्यात मंडळीची व्हीबीएस, म्हणजे सुट्टीतली बायबल शाळा, घेच, पण तेवढ्यावर थांबू नकोस, मुलं संध्याकाळी घरी जातात तिथे खरी परीक्षा होत नाही. खंडाळा, पाचगणी किंवा बॉम्बे वायएमसीएच्या नीलशीच्या कॅम्पसारख्या ठिकाणी होणाऱ्या एखाद्या निवासी शिबिरात मुलांसोबत रात्री राहा. चार रात्रींनंतर तुला हे काम आवडतं की नुसतं अमेरिका आवडते ते कळेल, आणि तिथल्या प्रमुखाचं शिफारसपत्र अर्जाला लागेलच.

पाहुण्यांना या आठवड्यात छोटं इमेल पाठव: आमंत्रणाबद्दल आभार, टुरिस्ट व्हिसावर येता येणार नाही, तुमचा कॅम्प कुठल्या मान्य जे-वन स्पॉन्सरसोबत काम करतो, आणि तुमचं लेखी बालसुरक्षा धोरण मला पाठवाल का. उत्तर आलं की ते धोरण मला पाठव, मी वाचून सांगते.